अक्काची सुई

लग्न होऊन मी सोलापुरात भवानी पेठेत आले, तेव्हा अक्का अक्कलकोटला नांदत होती. अक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. नात्यानं माझी नणंद, पण घरातले सगळे तिला अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले. सोलापुरात आम्ही तिघंच होतो. सासूबाई, त्यांना सगळी पेठ अव्वा म्हणे, यजमान आणि मी. खाली सुताचं दुकान आणि वर राहायच्या खोल्या. घरात कानडी चाले, दुकानात मराठी, आणि विणकर गिऱ्हाईक आलं की तेलुगू. मी बार्शीची. पहिलं वर्षभर त्यातलं मराठी तेवढं मला कळायचं.

पहिल्या सणाला अक्का माहेरी आली. स्वयंपाकघरात उभी राहून तिनं मी केलेली भाकरी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाली, "अव्वा, ही भाकरी हाय का रस्त्याची खडी?" मग माझ्याकडे वळून, "बीएस्सी झालीस म्हणं?" मी हो म्हटलं. त्या दिवसापासून मी तिच्या तोंडी बीएस्सी झाले. माझं नाव तिनं कधी घेतलं नाही. मला ती आवडत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे घडलं ते मला जवळून बघायला मिळालं, पण ते मी लांबूनच बघितलं.

अक्कलकोटला त्यांचं पेंडीचं दुकान होतं. सरकीची पेंड, शेंगदाण्याची पेंड, कोंडा, असा जनावरांच्या खाण्याचा माल. दुकान दाजींचं, म्हणजे अक्काच्या नवऱ्याचं, पण गादीवर बसायची अक्का. बायका दुकानात बसत नसत असा तो काळ. तिच्याशी घासाघीस करायची कुणाची छाती होत नसे. ती जेवायला आत गेली की शेतकरी हळूच पुढे येत आणि दाजींकडून माल घेत. दाजींना कुणाला नाही म्हणता येत नसे. तोलून झाल्यावरही ते एक मूठ वरून टाकायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल अव्वा बोलायच्या, ती दोघं बोलत नसत.

दुष्काळाच्या वर्षी रानात चाऱ्याची काडी राहिली नाही आणि पेंडीला सोन्याची किंमत आली. दाजींनी मिळेल तिथून माल आणून गोदामात पोती छताला भिडेपर्यंत रचली. एका थप्पीतलं खालचं पोतं उंदरांनी कुरतडलं होतं. त्यातून पेंड गळतेय, असं हमाल म्हणाला. अक्का स्वतः बघायला गेली आणि वाकून पोत्याला हात लावतेय तोच वरची थप्पी तिच्या पाठीवर आली.

सोलापूरला आणलं तेव्हा तिला पाय हलवता येत होते, म्हणून डॉक्टरांनी देवाचे आभार माना म्हटलं. कमरेच्या वरचा एक मणका चेपला होता. छातीपासून कमरेपर्यंत प्लॅस्टर घातलं. दवाखान्यात काही दिवस काढून तिला आमच्याकडे आणलं, कारण अक्कलकोटला रोज बघायला कुणी नव्हतं आणि आमचे घरचे डॉक्टर दोन घरं सोडून राहत. ते वयस्कर होते. पेठेतली निम्मी मुलं त्यांच्या समोर जन्मलेली.

अक्काच्या वेदना मी बघितल्या आहेत. त्यात नाटक नव्हतं. ती ओरडत नसे. उशीचं टोक दातात धरायची आणि घामानं उशी ओली व्हायची. मग डॉक्टर यायचे, स्टोव्हवर सिरिंज उकळायला सांगायचे, काचेच्या कुपीची मान कानशीनं घासून मोडायचे आणि पेथिडीनचं इंजेक्शन द्यायचे. खोलीभर स्पिरिटचा वास यायचा. थोड्या वेळानं अक्काचे दात सुटायचे. ती नाक खाजवायची, तोंडावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "आता बरं वाटलं बघ."

त्या तास-दीड तासात अक्का निराळीच बाई असायची. "बस की गं जरा," असं मला म्हणायची. बार्शीच्या माझ्या घरचं विचारायची. एकदा म्हणाली, "तुझे केस चांगले हायत." मला त्या वेळची अक्का बरी वाटायची. मी चहा घेऊन नेमकी त्याच वेळी तिच्याकडे जाऊ लागले.

प्लॅस्टर निघालं. पाठीचा एक्स-रे फोटो काढला. हाड जुळलंय, असं डॉक्टर म्हणाले. दुखणं मात्र गेलं नाही. उठून बसली की पाठीतून कळ निघे आणि मांडीपर्यंत उतरे. दाजी रोज संध्याकाळी दुकान बंद करून यायचे आणि सकाळच्या गाडीनं परत जायचे. रात्रीबेरात्री डॉक्टरांना उठवायला त्यांना संकोच वाटे. डॉक्टरांचंही वय झालेलं. शेवटी डॉक्टरांनीच दाजींना इंजेक्शन द्यायला शिकवलं. दाजी आमच्या स्वयंपाकघरात बसून वांग्यावर सराव करत. सुई टोचताना वांग्याचीही क्षमा मागतील, असा त्यांचा चेहरा व्हायचा. पण त्यांचा हात हलका निघाला. अक्का म्हणायची, "ह्यांची सुई कळत बी न्हाय."

हळूहळू घराला सुईचं वेळापत्रक लागलं. गिरणीचा भोंगा झाला की अक्काचे डोळे दाराकडे लागत. भोंग्याच्या आधीच ती विचारू लागली, "झाला का गं भोंगा?" दाजींना गाडी मिळाली नाही, उशीर झाला, की ती कुणाशी बोलत नसे, भिंतीकडे तोंड करून पडे. दुखणंही जागा बदलू लागलं. पाठीत होतं ते पायात आलं, मग पोटऱ्यांत, मग सगळ्या अंगात. अव्वा एकदा मला कानडीत म्हणाल्या, "दुखणं गेलं आणि सुई राहिली." आतून अक्काचा आवाज आला, "माझ्या पाठीत येऊन बघ, मग म्हण गेलं."

डॉक्टरांनी एके दिवशी तिचे दंड आणि मांड्या तपासल्या. कातडीखाली सुपारीएवढ्या गाठी झाल्या होत्या. ते माजघरात येऊन बसले. यजमान होते, अव्वा होत्या, दाजी खांबाला टेकून उभे होते. मी चहा ठेवला.

"जावईबापू," डॉक्टर म्हणाले, "मी सकाळ-संध्याकाळ सांगितलं होतं. तुम्ही किती देता?"

"तेवढंच," दाजी म्हणाले. मग थोड्या वेळानं, "कधी दुपारी एखादं. मी हिच्याजवळ ठेवून जातो. ती आपली आपण घेते."

"कधी म्हणजे?"

दाजी खांबावरचा रंग नखानं खरवडू लागले.

"आणि माझ्या चिठ्ठीवर एवढं मिळत नाही. बाकीचं कुठनं आणता?"

"गुलबर्ग्याला माझा एक मित्र हाय. त्याचं औषधाचं दुकान हाय." दाजी खांब सोडून पुढे आले. "दुखतंय म्हणती ती. मी काय करू, डॉक्टर? बघत बसू?"

यजमान तापट. ते म्हणाले, "म्हणजे अक्का सोंग करते?"

"सोंग असतं तर मला सोपं गेलं असतं," डॉक्टर म्हणाले. "तिची पाठ दुखते, ते खरं आहे. मणका चेपलाय, तो दुखणारच. पण आता शरीराला ह्या औषधाची सवय झालीय. ते उतरू लागलं की अंग दुखतं, कळा येतात, जीव घाबरा होतो. तेही खरंच दुखतं. पाठीचं कुठलं आणि सुईचं कुठलं, हे तिला सांगता येणार नाही. मलाही नाही." चहा न घेताच ते उठले. दारात थांबून म्हणाले, "सुरुवात मीच केली. त्या वेळी देणं भाग होतं. पण थांबायची वेळ मला आधी कळायला हवी होती. आता एकदम तोडू नका. हळूहळू उतरवू."

हळूहळू हा शब्द यजमानांना माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी दाजी अक्कलकोटला गेले, माल उतरायचा असल्यानं त्या रात्री ते येणार नव्हते. ते गेल्यावर यजमानांनी अक्काच्या उशाखालची डबी काढली आणि सगळ्या कुप्या न्हाणीतल्या दगडावर फोडल्या. अक्का बघत होती. यजमान खाली दुकानात गेले. पुढचं मी आणि अव्वांनी बघितलं.

आधी जांभया येऊ लागल्या. मग नाकाडोळ्यांतून पाणी. उन्हाळा असून तिच्या अंगावर काटा उभा राहिला. ती गोधडी मागायची आणि गोधडी टाकली की घामानं भिजायची. उलट्या, जुलाब, पोटात कळा. पाय एका जागी ठरत नव्हते, अंथरुणावर नुसती लाथा झाडत होती. दुसऱ्या दिवशी तिनं यजमानांना हाक मारली आणि त्यांनी दार उघडल्यावर दोघांच्या मेलेल्या वडिलांवरून बोलू नये ते बोलली. अव्वा कानांवर हात ठेवून देवघरात जाऊन बसल्या.

संध्याकाळी दाजी आले. त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं, खिशातून कुपी काढली आणि सरळ स्टोव्ह पेटवायला बसले. यजमान वर धावले.

"दाजी, तुम्ही तिला मारताय!"

"मी मारतोय का तुम्ही?" दाजींचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "तुमची बहीण असंल. माझी बायको हाय."

त्यांनी सुई दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टॅक्सी आणली, मागच्या सीटवर गादी घातली आणि अक्काला अक्कलकोटला घेऊन गेले. जाताना दोघंही यजमानांशी बोलले नाहीत. घर एकदम रिकामं झालं. मला सुटका झाल्यासारखं वाटलं आणि मी न सांगताच सगळी खोली धुवून काढली.

पुढच्या कित्येक महिन्यांत मी अक्काला एकदाच बघितलं. अव्वांबरोबर गेले होते. ती हडकली होती. भर उन्हात कोपराखालपर्यंत बाह्यांचं पोलकं घातलं होतं. बोलता बोलता तिचे डोळे मिटत. गादीवर एक नोकर बसला होता आणि त्याला मालाचे भाव माहीत नव्हते. दाजी घरी नव्हते. कुठं गेलेत म्हटल्यावर कुणी नीट सांगेना. मागाहून कळलं की ते कधी गुलबर्ग्याला, कधी विजापूरला असत. त्या औषधवाल्या मित्रानं द्यायचं बंद केलं होतं. मग जिथं मिळेल तिथं.

पावसाळ्याच्या शेवटी तिच्या मांडीत गळू झालं. ताप चढला, पाय सुजला. दाजींनी तिला सोलापूरच्या दवाखान्यात आणून टाकलं आणि आम्हाला निरोप दिला. गळू फोडून वाटीभर पू काढला. मी डबा घेऊन गेले तेव्हा ती जागी होती. दाजी बाहेर औषध आणायला गेले होते.

"बीएस्सी, बस," ती म्हणाली. मी बसले. सुईनंतरचा तो गोड आवाज नव्हता. हा तिचा जुना, दुकानातला आवाज होता, फक्त बारीक झालेला.

"माझी सासू अजून धडधाकट हाय, ठाऊक हाय न्हवं तुला?"

मी हो म्हटलं.

"गेल्या महिन्यात ह्यांनी एका नव्या डॉक्टरला घरी आणलं. मी आतल्या खोलीत. हे त्याला सांगत होते, माझ्या आईला कॅन्सर झालाय, लई हाल हायत, चिठ्ठी द्या. आणि म्हातारी परसात शेंगा फोडत बसलेली. डॉक्टर म्हणाला, दाखवा. तर हे म्हणले, आता झोप लागलीय, नगा उठवू. असं बोलले की मला बी खरं वाटलं." तिनं चादर छातीपर्यंत ओढून घेतली. "ह्या माणसानं आयुष्यात काटा मारला न्हाय. मी म्हणायची, जरा शिका, खोटं बोलायला शिका, धंदा हाय. आता शिकले. माझ्यापायी शिकले."

मी डबा उघडला.

"जेवण ऱ्हाऊ दे. डॉक्टरला सांग, उतरवायचं म्हणत होता ते उतरव म्हणावं. पण सुई ह्यांच्या हातात द्यायची न्हाय. भावाच्या बी न्हाय. तू द्यायची."

"मी? मला येत नाही."

"शीक. बीएस्सी हायस की. ह्यांना माझी दया येती, ते जास्त देत्यात. भावाला माझा राग येतो, तो एकदम तोडतो. तुला माझी दया बी येत न्हाय आणि राग बी न्हाय. बघतीय की मी."

ते खरं होतं.

घरच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. हे काम खरं दवाखान्यातच व्हायला हवं, पण इथं त्यासाठी वेगळी सोय नाही, आणि रुग्ण स्वतः म्हणतेय तर आपण करू, असं ते म्हणाले. दवाखान्यातून सुटल्यावर अक्काला परत आमच्याकडे आणायचं ठरलं. औषध डॉक्टरांकडे राहणार. ते रोज सकाळी येणार, तिला तपासणार आणि त्या दिवसाचं तेवढंच माझ्या हाती देणार. सिरिंज मात्र पूर्वीएवढीच भरलेली दिसायची. जेवढं औषध कमी, तेवढं शुद्ध पाणी. ही लबाडी नव्हती. तसंच करा, असं अक्कानंच सांगितलं होतं. "मला किती हाय ते सांगू नका. सांगितलं की मी तेवढंच मोजत बसंन."

मीही वांग्यावरच शिकले. पहिल्या दिवशी मी तिला इतकं दुखवलं की ती म्हणाली, "ह्यांना वांगं पुरलं, तू भोपळ्यावर शीक." सुई वाकडी गेली होती.

दाजींना डॉक्टरांनी वर यायला बंदी केली होती. ते रोज यायचे आणि खाली सुताच्या दुकानात एका गठ्ठ्यावर बसून राहायचे. वर अक्काचा आवाज चढला की ते उभे राहत, जिन्याकडे बघत आणि परत बसत. यजमान त्यांच्याशी बोलत नव्हते. काही दिवसांनी दाजी न सांगताच सुताच्या लडी जाडीच्या नंबराप्रमाणे लावू लागले. मग एकदा मी चहाचे दोन कप खाली नेले, तेव्हा यजमान त्यांना म्हणत होते, "तो चाळीसचा नंबर तिकडं नको, इकडं ठेवा." त्यांचं भांडण तिथं मिटलं. त्याहून जास्त काही बोलणं झाल्याचं मला माहीत नाही.

वरचे दिवस वाईट होते. प्रत्येक वेळी औषध कमी झालं की दोन-तीन दिवस अक्काला कळायचं, पाणी घातलेलं असो नसो. जांभया, काटा, पायांची तडफड, पण पहिल्यासारखी नाही. ती मला दगड म्हणाली, वांझोटी म्हणाली, तेव्हा माझ्या लग्नाला तीन वर्षं होत आली होती आणि तो शब्द तिलाही आयुष्यभर ऐकावा लागला होता. मी सिरिंज उकळत राहिले. मला वाईट वाटलं असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. मला फक्त त्या दिवसाचं काम पार पाडायचं होतं. शिव्या संपल्या की ती माझं कौतुक करायची. ते शिव्यांपेक्षा जड जायचं. तुझ्यासारखी वहिनी मिळायला भाग्य लागतं, आजच्या दिवस जरा जास्त भर. एकदा म्हणाली, "डॉक्टर मघाशी म्हणून गेले, आज वाढवून द्या." मी चपला घालून डॉक्टरांकडे विचारायला निघाले. मी जिन्यात असतानाच तिनं हाक मारली, "जाऊ नगस. म्हणले न्हाईत ते."

उतरण निम्म्यावर आली असेल तेव्हा ती न्हाणीत पडली. धप्प आवाज आला. मी गेले तर ती फरशीवर एका कुशीवर पडलेली, तोंडाचा रंग उडालेला. "बरगडी मोडली," म्हणाली. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे खरं कशावरून. अव्वांच्या चेहऱ्यावरही तेच होतं. अक्कानं आम्हा दोघींकडे बघितलं आणि तिला ते कळलं. ती एकदम रडायला लागली. इतक्या महिन्यांत मी तिला अशी रडताना बघितलं नव्हतं. "आता मी मेले तरी तुम्हाला खोटं वाटणार," ती म्हणाली.

डॉक्टर आले. दाबून बघितलं. बरगडीला खरंच मार होता. त्यांनी त्या दिवशी औषध वाढवलं.

मी विचारलं, "मग इतके दिवस केलं त्याचं काय?"

"दुखतंय त्याला औषध द्यायचंच," ते जरा रागानंच म्हणाले. "एकदा सवय लागली म्हणून त्या माणसाला पुढे कधी दुखणारच नाही, असं आहे का? थोडे दिवस मागे जाऊ, मग परत उतरू." आणि तसंच झालं. थोडे दिवस मागे गेलो आणि परत उतरलो.

सुई संपून गोळ्या आल्या आणि मग साध्या डोकेदुखीच्या गोळ्या. शेवटच्या सुईत नुसतं पाणी होतं, ते मला माहीत होतं, अक्काला नव्हतं. तिला मी दोन दिवसांनी सांगितलं. ती "असं का" म्हणाली आणि भाकरी मागितली. दाजींना वर यायची परवानगी मिळाली. ते आले, दारात उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "जेवलीस?" ती म्हणाली, "गोदामाला उंदराचं औषध घातलं का?" घातलं नव्हतं. मग तिनं त्यांना बराच वेळ झापलं, आणि ते ऐकताना दाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पाठ बरी झाली नाही. ती पुढेही दुखतच राहिली. मिरजेला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी कमरेला पट्टा बांधायला सांगितला, रोज चालायला सांगितलं, काही व्यायाम शिकवले. मीठ गरम करून त्याच्या पुरचुंडीनं शेक घेणं अव्वांनी शिकवलं. अक्का अक्कलकोटला परत गेली आणि दुकानात उभी राहून धंदा करू लागली. फार वेळ बसलं की कळ यायची. शेतकऱ्यांना ती उभी असलेली अजूनच भारी पडू लागली. अव्वांनी एकदा तिला विचारलं, "आता कसं वाटतं?" तर म्हणाली, "दुखतं. पण पाठच दुखती. कुठं दुखतंय ते तरी कळतं."

माझ्याशी तिचं नातं काही गोड झालं नाही. माझी मुलगी झाली तेव्हा ती बाळंतविडा घेऊन आली, बाळाला मांडीवर घेतलं आणि आईवर गेली नाही हे बरं झालं, असं म्हणाली. त्या दिवसांबद्दल ती माझ्याशी बोलली नाही, मी तिच्याशी बोलले नाही.

पुढे सात-आठ वर्षांनी तिच्या पित्ताशयात खडे निघाले आणि सोलापुरातच ऑपरेशन ठरलं. सर्जन तरुण होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते तिला बघायला आले तेव्हा अक्कानं त्यांना थांबवलं आणि मला सांगायला लावलं. मी सगळं सांगितलं, किती महिने, काय औषध, कसं उतरवलं. दाजी खाली मान घालून उभे होते. सर्जनांनी नीट ऐकलं. म्हणाले, "सांगितलंत ते चांगलं केलंत. ऑपरेशननंतर पहिला दिवस मला ते द्यावंच लागेल, नाहीतर दुखण्यामुळे तुम्हाला नीट श्वास घेता येणार नाही. पण मोजून देईन आणि लगेच बंद करीन."

"द्या," अक्का म्हणाली. "पण ह्यांना विचारून देऊ नगा. ह्या बाईला विचारा."

टाके काढल्यावर ती काही दिवस आमच्याकडे होती. एके दुपारी मी तिच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. ती जागी आहे हे मला माहीत नव्हतं.

"त्या दिवशी दिलं न्हवं ते?" तिनं विचारलं.

"हो. एकदा त्या संध्याकाळी आणि एकदा दुसऱ्या सकाळी."

"मला कळलं. आत गेल्या गेल्या कळलं." ती छताकडे बघत होती. "एवढ्या वर्षांनी बी. कुणीतरी ओळखीचं माणूस दारात येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. लई बरं वाटलं, बीएस्सी. कुणाला सांगू नगस." मी घडी घालत राहिले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "पिशवी भर माझी. मी उद्या जाते."

"अजून चार दिवस राहा, असं सर्जन म्हणालेत."

"त्यांना काय जातंय म्हणायला. हितं पडून ऱ्हायलं की तेच डोक्यात येतं. तिथं माल उतरायचाय, माणसं कामाला लावायची हायत."

अव्वा रागावल्या, यजमानांनी समजावून पाहिलं, पण ती ऐकणार नव्हती. दुसऱ्या दिवशी दाजी आले. मी त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले, पिशवी धरायला. दुपारची गाडी निम्मी रिकामी होती. दाजींनी खिडकीजवळची जागा धरून रुमाल टाकला. अक्का चढली आणि पुढच्या दांडीला धरून उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, "बाई, बसा की, जागा हाय."

"असू दे," अक्का म्हणाली. "तू तिकीट फाड." आणि बस निघेपर्यंत ती त्याच्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडत होती.